कोरड्या दिवशी वाहणारं गटार

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय तो असा : 'नदीकाठचा स्वयंसेवक गट वर्षभर कसा चालवावा'. तिथे मी येणारच आहे. पण आधी एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर मनात धरून ठेवा. तीन दिवस पावसाचा थेंब नाही. रस्ते कोरडे, छपरं कोरडी. आणि नदीच्या काठावर उघडणाऱ्या पावसाळी गटाराच्या तोंडातून अंगठ्याएवढी धार पडतेय. हे पाणी आलं कुठून?

पावसाळी गटार, म्हणजे पर्जन्यवाहिनी, पावसाचं पाणी नेण्यासाठी बांधलेली असते. जिथे मैलापाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाची वेगळी, तिथे पावसाचं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात न जाता सरळ नदीत उतरतं. तेव्हा पाऊस नसेल तर ती वाहिनी कोरडीच हवी. ती वाहत असेल तर कुणाचं तरी पाणी चुकीच्या नळात शिरलंय. एखाद्या इमारतीच्या संडासाची जोडणी चुकली असेल, शेजारची मैलावाहिनी फुटून पाझरत असेल, कुणी गाड्या धूत असेल, कुणी टाकी रिकामी करत असेल. (एकाच नळातून मैला आणि पाऊस दोन्ही वाहून नेणारी जुनी व्यवस्था असते, तिचं दुखणं नेमकं उलटं. ती कोरड्या दिवशी गप्प असते आणि मोठ्या पावसात नदीत ओकते. तो वेगळा विषय, आज नको.)

माझं म्हणणं एवढंच आहे : गटाला वर्षभरात एकच काम झेपणार असेल, तर ते सफाईचं नसावं. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक गटाराच्या तोंडाची यादी करावी आणि कोरड्या दिवशी ती सगळी तोंडं पाहून यावीत. कचरा दिसतो, म्हणून माणसं जमतात. विरघळलेलं दिसत नाही, म्हणून तिथे कुणी जात नाही. मासे मात्र विरघळलेल्यानं मरतात.

सफाई मोहिमांबद्दल मला राग आहे असं कुणी म्हणेल. राग मोहिमेवर नाही, ती ज्या पद्धतीनं उरकली जाते तिच्यावर आहे. ज्या मोहिमेपासून आजची जगभरची किनारा-सफाई सुरू झाली, ती १९८६ सालची टेक्सासची. लिंडा मॅरॅनिस यांनी ती उभी केली. सुमारे २,८०० माणसांनी दोन तासांत १२४ टन कचरा उचलला. हा आकडा सगळे सांगतात. त्या माणसांच्या हातात पिशवीबरोबर एक नोंदपत्रकही होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. काय सापडलं, किती सापडलं, ते वस्तुवार लिहायचं होतं. कचरा गेला, यादी राहिली. आणि यादीवरून कळतं की तो येतो कुठून.

आज काय होतं? पिशव्या भरतात, ढिगाऱ्यापुढे छायाचित्र निघतं, आणि 'इतके किलो कचरा काढला' असं जाहीर होतं. अहो, ओल्या कचऱ्याच्या वजनाला काही अर्थ नाही. गाळ भरलेली एक गोधडी शंभर रिकाम्या बाटल्यांपेक्षा जड भरते. वजन करू नका, मोजा. बाटल्या किती, झाकणं किती, औषधांची पाकिटं किती, सगळ्या एकाच प्रकारच्या पिशव्या आहेत का. एका वळणावर एकाच मापाच्या पट्ट्या दर महिन्याला सापडत असतील तर वरच्या अंगाला त्या पट्ट्या वापरणारा एखादा कारखाना किंवा गोदाम आहे. त्याच्या दारात जाऊन बोलण्यानं जे साधेल, ते वीस सफाई मोहिमांनी साधणार नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. उत्साहाच्या भरात काठ 'स्वच्छ' केला जातो. काठावरचं गवत, लव्हाळी, झुडपं उपटली जातात. पालापाचोळा झाडून काढतात, पाण्यात पडलेला ओंडका ओढून बाहेर टाकतात. त्या झाडोऱ्याच्या मुळ्यांनीच काठ धरून ठेवलेला असतो. पुढच्या पावसात तो ढासळतो, माती पाण्यात जाते आणि तळातल्या दगडांमधल्या फटी बुजतात. त्या फटींत मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या पाणकिड्यांची पिल्लं राहतात, माशांची अंडी असतात. ओढ्यातल्या किड्यांचं अन्न म्हणजे पडलेली पानं. ओंडक्यामागच्या संथ पाण्यात लहान मासे उभे राहतात. तेव्हा नियम साधा ठेवा : माणसानं बनवलेलं उचला, झाडानं टाकलेलं राहू द्या. ओंडका मोरीच्या किंवा पुलाच्या तोंडाशी अडकून पाणी तुंबवत असेल तर तो संबंधित खात्याला कळवा. पाखरांच्या विणीच्या आणि माशांच्या अंडी घालण्याच्या दिवसांत काठ तुडवायला शंभर माणसं नेऊच नका.

आणि मोहीम काढायचीच तर इंजेक्शनची सुई उचलायला चिमटा आणि टणक, झाकणाचा डबा हवा, पिशवी चालणार नाही. सुईला टोपण परत बसवायचं नाही, टोचते ती त्याच वेळी. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, तीही अंगापासून लांब धरायची. बंद पिंप दिसलं तर हात लावायचा नाही, वास घेऊन बघायचा नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून छायाचित्र घ्या, जागा नोंदवा, फोन करा.

आता गटाराकडे. शेवटच्या पावसाला ७२ तास उलटलेले हवेत, निदान ४८. त्याआधी गेलात तर जे वाहतंय ते पावसाचं उरलेलं असू शकतं. दोघं-तिघं जा, एकटं कुणी नाही. प्रत्येक तोंडाला क्रमांक द्या आणि नकाशावर खूण करा. नळाचा व्यास मोजा. तो सिमेंटचा आहे की प्लास्टिकचा, ते लिहा. छायाचित्र दर वेळी एकाच जागेवरून घ्या, चौकटीत एक मोजपट्टी असू द्या. धार नसली तरी थांबा. तोंडाखालच्या दगडांवर राखाडी बुळबुळीत थर आहे का? कागदाचे तुकडे, चरबीचे पांढरे गोळे, एकाच ठिकाणी गवताचा दाट हिरवा पुंजका? धार आत्ता नाही, पण येऊन जाते, असं हे सगळं सांगत असतं.

धार असेल तर ती मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं. १० लिटरची बादली ५ सेकंदांत भरली तर सेकंदाला २ लिटर. किरकोळ वाटतं ना? दिवसभर तशीच चालली तर १,७२,८०० लिटर होतात. त्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम ॲमोनिया असेल तर रोज जवळजवळ साडेतीन किलो ॲमोनिया नदीत. 'पाणी घाण दिसतं' असं लिहिलेल्या तक्रारीला कागदांच्या ढिगात जागा मिळते. 'क्रमांक ७ च्या तोंडातून रोज साडेतीन किलो' याला उत्तर द्यावं लागतं. मात्र हा हिशेब धार दिवसभर सारखी असेल तरच खरा, म्हणून सकाळी, दुपारी, रात्री अशा तीन वेळा मोजा.

वाहणारं प्रत्येक पाणी दोषी नसतं, हेही लक्षात ठेवा. फुटलेल्या नळात भूजल शिरतं, पिण्याच्या पाण्याची वाहिनी गळते, कधी जुना झराच गटारात बांधलेला असतो. ओळखायचं कसं? क्लोरीन तिथल्या तिथे तपासा, घरी नेईपर्यंत ते उडून जातं. ते सापडलं तर नळाच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या पाण्याकडे बोट जातं. डिटर्जंट तपासा, ॲमोनिया आणि पोटॅशियम तपासा. या कामात वापरला जाणारा ठोकताळा असा : डिटर्जंट लिटरला ०.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आहे, आणि ॲमोनियाला पोटॅशियमनं भागून १ पेक्षा जास्त येतंय, तर मैलापाणी समजा. डिटर्जंट आहे पण भागाकार १ किंवा त्याहून कमी, तर धुण्याचं पाणी. डिटर्जंट नाहीच, तर बहुधा भूजल किंवा नळाचं पाणी. हा निवाडा नव्हे. पुढे कुठे शोधायचं तेवढं यातून कळतं.

आणि आता माझी आवडती युक्ती, कापसाची. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारी रसायनं घालतात. ती कापसाला चिकटतात आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. म्हणून साधा, कसलीही प्रक्रिया न केलेला कापूस घ्यायचा. आधी तो अतिनील दिव्याखाली धरून बघायचा, विकत आणलेला कापूस स्वतःच चमकत असला तर सगळा खेळ फुकट. तारेच्या जाळीच्या लहान पिंजऱ्यात घालून गटाराच्या तोंडाशी धारेत बांधायचा. चार ते सात दिवसांनी काढायचा, त्याच पाण्यात हलक्या हातानं गाळ धुवायचा आणि अंधारात वाळवायचा. उन्हात वाळवलात तर ही रसायनं उन्हानं मोडतात. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा दिवा. शेजारी दोन तुकडे तुलनेला हवेतच : एक कोरा, एक धुण्याच्या पावडरीत बुडवलेला. ठिपके-ठिपके चमकले तर ते कागदाचे तंतू असू शकतात. सगळा कापूस सारखा चमकला तर वर कुठेतरी धुण्याचं पाणी जोडलेलं आहे. आठवडाभर रात्रंदिवस पहारा देणारा हा पहारेकरी आहे, आणि तो डुलकी घेत नाही. (हशा)

धार येऊन-जाऊन असेल तर अजून एक उपाय. नळाच्या ओठाशी, बाहेर उभं राहूनच, चिकणमातीचा दोन बोटं उंच बांध घालायचा. २४ ते ४८ तासांनी बघायचं. मागे पाणी साचलं असेल तर तोच तुमचा नमुना. पाऊस यायच्या आत बांध काढायला विसरायचं नाही.

मघाशी कुणी तेलाच्या तवंगाबद्दल विचारलं. तवंगाला काडी लावा. फुटलेल्या काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा थर, निरुपद्रवी. काडीमागे रंग फिरून पुन्हा एक झाले तर खनिज तेल. फेसाचंही तसंच. पिवळट-तपकिरी, मातकट वासाचा फेस पाला कुजूनही होतो. पांढराशुभ्र, सुवासिक फेस तोंडाजवळच दिसला तर साबण.

आता कोरडा दिवसच का, याचं दुसरं कारण. त्यासाठी शंभर वर्षांहून मागे जाऊ, थोडा वेळ लागेल, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९८ मध्ये ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी एक शाही आयोग नेमला गेला. तो १९१५ पर्यंत चालला. सांडपाणी नदीला किती बाधेल हे एका आकड्यात कसं सांगायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी नदीलाच विचारलं, म्हणजे बाटलीत बंद करून विचारलं : या पाण्यातले जीवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन संपवतात? पाच दिवस थांबायचं आणि मोजायचं. पाचच का? तिथल्या नद्यांचं पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त लागत नाही, म्हणून, असं सांगितलं जातं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत बीओडीची, म्हणजे याच ऑक्सिजन-मोजणीची, बाटली पाच दिवस कपाटात बसते, मग नदी पन्नास दिवस वाहणारी का असेना.

१९१२ सालच्या आठव्या अहवालात त्यांनी मर्यादा घातली : सोडलेल्या पाण्यात लिटरला बीओडी २० मिलिग्रॅम, तरंगणारा गाळ ३० मिलिग्रॅम. 'वीस-तीस' हा आकडा पुढे देशोदेशींच्या नियमांत उतरला. पण त्या आकड्याला एक अट जोडलेली होती, ती वाटेत गळून पडली. अट अशी की नदीत त्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असलं पाहिजे. आठपट! कोरड्या महिन्यात तुमच्या नदीत आठपट पाणी आहे का, जाऊन बघा. अनेक ठिकाणी नदीत वाहतं तेच मुळी सोडलेलं पाणी असतं. कागदावर मर्यादा पाळली जाते आणि नदी मरते, दोन्ही एकाच वेळी. म्हणून कोरड्या दिवसाची तुमची एक नोंद पावसाळ्यातल्या दहा नोंदींपेक्षा मोलाची. प्रवाह मोजल्याशिवाय नुसता आकडा लिहू नका, असं मी प्रत्येक गटाला सांगतो ते याचसाठी. रुंदी, तीन-चार ठिकाणची खोली, आणि १० मीटर अंतर तरंगतं संत्रं किती सेकंदांत कापतं ते तीनदा. संत्रं, कारण ते बरंचसं बुडून चालतं आणि वाऱ्यानं ढकललं जात नाही. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ नं गुणा. रुंदी, खोली, वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह.

याला लागूनच. ऑक्सिजन कुठे आणि कधी मोजायचा? गटाराच्या तोंडाशी मोजाल तर तो बऱ्यापैकी सापडतो आणि लोक निर्धास्त परततात. जीवाणूंना घाण खायला वेळ लागतो. सगळ्यात वाईट जागा खाली, पुढे कुठेतरी असते. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून हा उतार गणितात मांडला. म्हणून निदान तीन जागा हव्यात : तोंडाच्या वर, पाणी नीट मिसळल्यावर खाली, आणि त्याहून बरंच खाली. आणि वेळ पहाटेची. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच तो ओढतं. दुपारी तीनला भरपूर दिसणारा ऑक्सिजन सूर्योदयाआधी तळाला गेलेला असतो. मासे पहाटे मरतात आणि आपण मोजायला न्याहारी करून जातो. पाण्याचं तापमानही लिहाच : २० अंशांना गोडं पाणी लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशांना साडेसातच.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं उरली आहेत, आणि पत्रिकेतला विषय अजून शिल्लक आहे. भरभर सांगतो, लिहून घ्या.

गट सहा ते दहा जणांचा पुरे. एक पट्टा, दोन-तीन किलोमीटरचा, त्याहून मोठा घेऊ नका. पहिले दोन महिने फक्त चालणं आणि यादी. तिसऱ्या महिन्यापासून ठरलेल्या जागी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मोजणी. गट बंद पडतात ते बहुधा एकाच कारणानं : सगळं एका उत्साही माणसाच्या डोक्यात आणि फोनमध्ये असतं. वही दोन प्रतींत ठेवा आणि प्रत्येक कामाला दोन जण तयार करा.

नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून, बाटलीच्या खालच्या अंगाला उभं राहा, म्हणजे तुमच्या पायानं उठलेला गाळ बाटलीत येत नाही. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळा. जीवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र खळबळायची नाही, ती बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडा राहिला तर तो नमुना टाकून द्या. पीएचचं, म्हणजे आम्लता मोजण्याचं, यंत्र ४, ७, १० च्या द्रावणांवर, विद्युतवाहकतेचं १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर, दर फेरीआधी जुळवा. नायट्रेट तपासायच्या संचावर 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट-नायट्रोजन' ते वाचा, दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. नुसत्या या घोळानं गटाचा वर्षभराचा तक्ता निकामी होऊ शकतो. ॲमोनियाबरोबर पीएच आणि तापमान हवंच : २५ अंशांना, पीएच ७ असताना त्यातला विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

किडे वर्षातून दोनदा बघा. खळाळत्या जागी, जाळीपुढचे दगड पायानं तीन मिनिटं ढवळायचे, पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायचे आणि जिवंत परत सोडायचे. स्टोनफ्लाय, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय असतील तर पाणी चांगलं. नुसत्या लाल अळ्या आणि तांबडे किडे उरले असतील तर ऑक्सिजन गेलेला आहे.

सुरक्षितता : गुडघ्यावर पाणी असेल तर आत नाही. उघडी जखम असेल तर पाण्यात नाही, लेप्टोस्पायरोसिस त्यातून शिरतो. आणि नळात, मोरीत, मॅनहोलमध्ये डोकंसुद्धा घालायचं नाही. सडक्या अंड्याचा वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका, हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं.

धार सापडली की वरचा शोध मॅनहोल उघडून घ्यावा लागतो. तो पालिकेच्या माणसांकडूनच करून घ्या. त्यांना सांगा, खालून एकेक न उघडता मधलं उघडा. तिथे घाण आहे तर वरचा अर्धा भाग, नाही तर खालचा. १६ मॅनहोल असतील तर चार वेळा उघडून जागा सापडते, धार अखंड असली तर. रंग टाकून तपासणीही त्यांच्याच परवानगीनं करायची, नाहीतर हिरवी नदी पाहून लोक तुमचीच तक्रार करतील.

तक्रारीत एवढं हवं : तोंडाचा क्रमांक आणि जागा, तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी, धार किती, वास-रंग, मोजलेले आकडे, वर आणि खाली काय सापडलं, छायाचित्रं. कुणी केलं याचा अंदाज लिहू नका. दुरुस्ती झाली असं पत्र आलं की पुढच्या कोरड्या दिवशी पुन्हा कापूस बांधा. चुकीच्या जोडण्या बऱ्याचदा एकाच इमारतीत दोन-दोन असतात, एक सुटते आणि दुसरी चालू राहते.

बांधकामावरून वाहून येणाऱ्या मातीचं थोडक्यात : गाळ अडवायचं कापड खाली १५ सेंटीमीटर चरात पुरलेलं आहे का ते बघा, नसेल तर पाणी खालून निघून जातं. कापडामागे एक-तृतीयांश उंचीइतका गाळ साचला की तो काढायला सांगा. वाहत्या ओढ्यात आडवं लावलेलं असेल तर ते पहिल्याच लोंढ्यात जाणार. गाड्या रस्त्यावर न धुता गवतावर धुवायला सांगा, म्हणजे पाणी मातीत मुरतं.

कापसाचे तुकडे आणि जाळीचे पिंजरे मागच्या टेबलावर ठेवले आहेत, दिवाही आहे. बाहेर पडताना एकेक पिंजरा घेऊन जा. शेवटचा पाऊस कधी झाला ते आजच वहीत लिहा आणि तिथून ७२ तास मोजा.